वालाच्या डब्यातली पोटली

श्रावण आला की सून विचारते, "आई, वाल भिजवू का?" आणि मी दरवर्षी काहीतरी कारण काढते. कधी पोट बरं नाही, कधी सोलत बसायला वेळ कुणाला आहे, कधी यंदा वाल कडूच फार आलेत. तिला वाटतं सासूला वालाचं बिरडं आवडत नाही. पेणजवळच्या जिते गावात जन्मलेल्या बाईला बिरडं आवडत नाही, हे कुणाला पटेल? पण वालाचा डबा उघडायची मला भीती वाटते. ती का वाटते, हे मी घरातही कधी धड सांगितलेलं नाही. दिवाळी अंकवाले म्हणाले, तुम्ही नोकरी केलेल्या दुकानातल्या गमतीजमती लिहून द्या, तेव्हा मी हो म्हटलं. गमती लिहायला बसले आणि हात सारखा या एकाच गोष्टीकडे जायला लागला.

आमच्या शेठचं मूळ दुकान पेणच्या बाजारपेठेतलं, साधं किराण्याचं. पुढे ते मुंबईची मोठमोठी दुकानं बघून आले आणि त्यांच्या डोक्यात भूत शिरलं. गिऱ्हाइकानं आत यावं, टोपली घ्यावी, हवं ते आपल्या हातानं उचलावं. खाली वाणसामान आणि वर जिना चढून खाण्याचा विभाग. पेणला चाललं म्हणून तसंच दुसरं रोह्याला काढलं. दोन्हीकडे नाव एक, पिवळी पिशवी एक आणि वडाही एकाच मापाचा. मी पेणला पॅकिंगला लागले आणि रोह्याचं दुकान उघडल्यावर तिकडे धान्य विभागाची मुख्य म्हणून गेले. मुख्य म्हणजे हाताखाली दोन मुली आणि डोक्यावर मॅनेजर.

सुरुवातीला लोक आम्हालाच घाबरायचे. पेणला पहिले काही महिने माणसं दाराशी चपला काढून आत यायची. सांगून सांगून आमचं तोंड दुखलं. एक म्हातारेबुवा रिकामी टोपली हातात धरून पाऊण तास उभे होते. मी विचारलं, "बाबा, काय हवंय?" तर म्हणाले, "तेच सांगायला उभा हाय, कोणी विचारीत नाय." जोहे गावचे मूर्तीवाले गणपतीच्या आधी यायचे ते अंगभर पांढरी भुकटी घेऊन. मालाला डाग लागू नये म्हणून ते हात पाठीमागे बांधून फिरायचे आणि हनुवटीनं दाखवायचे, हा साबण, तो साबण. मी त्यांच्यामागून टोपली घेऊन फिरायची. वरच्या मजल्यावर तर बायका आधी बसायच्याच नाहीत. आपण खुर्चीत बसायचं, दुसऱ्या बाईनं वाढायचं आणि वर पैसे द्यायचे, याचं त्यांना हसू यायचं. वर्षभरात त्याच बायका शनिवारी जिन्यावर रांग लावायला लागल्या.

एका बाबतीत मात्र लोकांनी आम्हाला वाकवलं. पाकिटातलं धान्य घ्यायला कुणी तयार होईना. आत काय आहे ते दिसतं, पण वास येत नाही, चावून बघता येत नाही, म्हणायचे. शेवटी रोह्याला भिंतीशी सहा मोठी पत्र्याची पिंपं ठेवावी लागली. तांदूळ, मूग, पावटे आणि सगळ्यात पुढे वाल. आमच्याकडचे वाल बारीक आणि कडसर. ते भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग एकेक सोलायचा, तेव्हा कुठे बिरडं होतं. म्हणजे आज घेतलेले वाल पोटात जायला दोन दिवस तरी लागतात. श्रावणात मासळी-मटण बंद झालं की पिंप दिवसातून दोनदा भरावं लागायचं.

आता गोळीबद्दल सांगते. पावसाळ्यात धान्याला कीड लागते. आमचं गोदाम पेणला होतं. तिथे पोत्यांची थप्पी लावून पोत्यापोत्यात कीड मारायची गोळी ठेवायची आणि वरून ताडपत्रीनं सगळं गच्च झाकायचं. दमट हवेनं ती गोळी विरत जाते आणि तिचा वायू सुटतो. त्यात किडा मरतो. माणूसही मरतो. म्हणून ठरलेले दिवस कुणी तिकडे फिरकायचं नाही, मग ताडपत्री काढून वारा द्यायचा आणि उरलेली भुकटी मोजून बाहेर काढायची. हे काम गोदामातले दळवीकाका करायचे. मी पेणला होते तेव्हा या गोळ्या कागदाच्या पुडीत असायच्या. पुड्या फाटून भुकटी धान्यात सांडते, म्हणून नंतर दळवीकाकांनी त्या कापडाच्या पोटलीत बांधायला सुरुवात केली. पांढऱ्या मलमलीचा चौकोन आणि वर दोरा. काढलेल्या पोटल्या ते दोऱ्यात ओवून दहा-दहाच्या माळा करून ठेवायचे, म्हणजे हिशेब चुकायला नको. माणूस तसा फार काळजीचा होता. पण पोटली सुरू केल्याचं रोह्याला कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

आमच्याकडच्या बायका वालाच्या डब्यात काय ठेवतात, ते इथे सांगायला हवं. सुकलेला कडुलिंबाचा पाला आणि भाजलेलं मीठ. पांढऱ्या जुन्या फडक्यात बांधून, वर दोरा. माझी आई ठेवायची, मी ठेवायची.

तो श्रावणातला शनिवार. सकाळचे दहा वाजले असतील. अनसूयाबाई आल्या. कोलाडच्या आतल्या एका वाडीवरच्या, महिन्यातून एकदा यायच्या आणि आल्या की माझ्या हाताखालच्या दोन्ही मुली कुठेतरी पळायच्या. एवढी संशयी बाई मी दुसरी पाहिली नाही. वजनकाटा आधी रिकामा दाखवायचा. मग त्यावर त्या स्वतःच्या पिशवीतलं किलोचं माप ठेवून बघायच्या. साबणाच्या वडीचा कागद नखानं उचकटून आत वडीच आहे ना, हे बघायच्या. मला मात्र त्या आवडायच्या. त्यांच्यासमोर काम चोख करावं लागायचं आणि चोख केलं की त्या मान हलवायच्या.

त्या दिवशी त्या खुशीत होत्या. "पाच किलो दे गो," म्हणाल्या. "लेकीचं, रेश्माचं डोहाळजेवण हाय मंगळवारी. सातवा लागला. सगळी वाडी जेवणार."

मी पिंपात माप घातलं आणि मापात वालाबरोबर पोटली आली. लिंबाएवढी. पांढरं फडकं, वर दोरा. मी ती उचलून हुंगली. लसणाचा वास आला. वरच्या मजल्यावर त्याच वेळी वड्यांचा घाणा चालू होता आणि वड्याबरोबरची लसणाची चटणी कुटली जात होती. शनिवारी सगळ्या दुकानालाच तो वास असायचा. माझ्या मनात आलं, कुणा शेतकऱ्याच्या बायकोनं घरचे वाल विकताना पोटली तशीच ठेवलेली दिसते. मला आईची आठवण झाली. खरंच झाली. मी ती पोटली अनसूयाबाईंच्या पिशवीत टाकली आणि म्हटलं, "असू द्या. डब्यात ठेवा, मंगळवारपर्यंत किडा शिवणार नाही."

ज्या बाईनं साबण उघडून बघितला, तिनं पोटली उघडून बघितली नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. आमच्यात पण ठेवतात." मग वर जाऊन दोन वडे बांधून घेतले लेकीसाठी, श्रावण म्हणून लसणाची चटणी सोडून.

रविवारी दुकान उघडून तासभर झाला होता. दुकानातला एकुलता एक फोन वाजला आणि मॅनेजरनं मला हाक मारली. पलीकडे दळवीकाका होते.

"ताई, माळेत एक पोटली कमी हाय."

"कसली पोटली?"

"गोळीची. वालाच्या पोत्यात ठेवलेली. श्रावणाची मागणी म्हणून शेठनं ताडपत्री एक दिवस आधी काढायला लावली. गोळी पुरती विरलेली नसंल. वालाची पोती सगळी तुमच्याकडं रोह्याला आलीत. पिंपात हात नका घालू कोणी."

मी विचारलं, "पांढरं फडकं आहे का?" ते म्हणाले, "व्हय." समोरच्या साखरेच्या पोत्यावर मी बसले. मला दिसत होतं ते एवढंच: घट्ट झाकणाचा डबा, बंद घर, पावसामुळे लावलेल्या खिडक्या आणि आत सात महिन्यांची पोटुशी पोर.

मॅनेजरला सांगितलं तेव्हा तोही पांढरा पडला, पण माझ्या आधी सावरला. वालाचं पिंप मागच्या अंगणात न्यायला लावलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दुकानाचा टेम्पो घ्या आणि निघा. पण विष हा शब्द तोंडातून निघता कामा नये. पोटली बदलून द्यायला आलो म्हणायचं. उद्या पेण-रोहा दोन्हीकडे बोभाटा झाला तर दुकानं बंद होतील, चाळीस घरं बसतील." मी मान डोलावली. चाळीस घरांत माझंही होतं. त्यानं साखरेचं एक पाकीट भेट म्हणून माझ्या हातात दिलं, तेही मी घेतलं.

आमच्याकडे गिऱ्हाइकांचे पत्ते नसायचे. बिलावर माल असतो, माणूस नसतो. अनसूयाबाईंचं नावसुद्धा मला तोवर ठाऊक नव्हतं. कोलाडच्या नाक्यावर टेम्पो थांबवून मी मिनीडोर रिक्षावाल्यांना विचारत सुटले. काल आमची पिवळी पिशवी घेऊन कोण बाई उतरली? ते हसायला लागले. "ताई, पिवळी पिशवी इथं कोणाकडं नाय?" खरंच होतं. समोर भाजी घेणाऱ्या चार बायकांपैकी तिघींच्या हातात आमच्याच पिशव्या होत्या. एरवी मला याचा केवढा अभिमान वाटला असता. तेव्हा रडू फुटायचं तेवढं राहिलं होतं. म्हटलं, तिची मुलगी सात महिन्यांची पोटुशी आहे, नाव रेश्मा. एकजण म्हणाला, माहेरी आलेल्या पोरी वाडीवाडीत हायत. मग मला सुचलं. मी म्हटलं, "ती बाई फार संशयी आहे हो. सगळं तपासून घेते."

"अनसूयाकाकू!" तिघे एकदम बोलले. त्यातला एक म्हणाला, "माझ्या गाडीत बसायच्या आधी चाकं दाबून बघतात." तो पुढे निघाला आणि आम्ही त्याच्या मागे.

भातखाचरांमधून वाडीपर्यंतचा रस्ता दहा-पंधरा मिनिटांचा. त्या वेळात मी सगळे देव आठवले आणि एकाचंही नाव धड घेता आलं नाही. मनात एकच मोजणी चालू होती. काल दहा वाजल्यापासून आज अकरापर्यंत पंचवीस तास.

घराचं दार लोटलेलं होतं. मी हाक मारली. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा माझाच आवाज मला ओळखू आला नाही. मग अनसूयाबाई मागच्या दारानं हात पुसत आल्या. मला बघून चकित झाल्या. "तू कशी काय गो? ये, बस."

मी साखरेचं पाकीट पुढे केलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "काल ती पोटली जुनी गेली तुमच्याकडे. बदलून द्यायला आले."

"एवढ्यासाठी रोह्यावरनं आलीस?" त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. "बग रेश्मा, दुकानातली बाई पोटली बदलायला घरी आली. उगाच नाय मी त्यांच्याकडं जात."

आतून कुणीतरी ओकल्याचा आवाज आला.

"काय झालंय तिला?" मी विचारलं.

"काय नाय गो, सकाळधरनं उलटतेय. डोकं दुखतंय म्हणते. पोटुशी बाईला चालायचंच."

रेश्मा भिंतीला धरून दारात आली. चेहरा उतरलेला, केस कपाळाला चिकटलेले. जेमतेम वीस-एकवीस वर्षांची. म्हणाली, "आई, माज्यानं त्या खोलीत बसवत नाय. वास मारतो."

"कसला वास?" मी विचारलं.

"लसणाचा."

अनसूयाबाई म्हणाल्या, "हिचं आपलं कायतरीच. श्रावण हाय, घरात लसणीची पाकळी नाय."

तो डबा रेश्माच्या खाटेच्या उशाशी होता. ओल लागू नये म्हणून घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत ठेवलेला. सकाळी तिनं तो एकदा उघडून बघितला होता, वाल निवडायला घ्यावेत म्हणून. हे तिनंच मला सांगितलं आणि परत तोंडावर पदर धरला.

मी तिथे उभी होते. एका हातात साखर. पोटली उचलून निघता आलं असतं. उलट्या कशाच्याही असतील, सातव्यात होतात कुणाकुणाला, कालचा वडा बाधला असेल. हे सगळं मी मनात म्हटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, फार नसेल. मग रेश्मा पुन्हा वाकली आणि तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं.

"अनसूयाबाई, ते मीठ नाही," मी म्हटलं. "विष आहे. कीड मारायची गोळी आहे. माझ्या हातून गेली. हिला आधी बाहेर काढा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं."

त्या ओरडतील, मला मारतील असं वाटलं होतं. त्यांनी एका झटक्यात लेकीला काखेत धरून अंगणात आणलं. मी साखरेचं पाकीट कमरेला खोचून, नाकाला पदर बांधून आत गेले, सगळ्या खिडक्या उघडल्या, डबा तसाच उचलून लांब खाचराच्या बांधावर नेऊन ठेवला. झाकण बंद होतं तरी वास येत होता. तो गोळीच्या वायूचा वास, हे आता मला नीट कळत होतं. वाडीतल्या माणसांना सांगितलं, इकडे कुणी फिरकू नका, पोरांना येऊ देऊ नका. नंतर दळवीकाका स्वतः येऊन तो डबा घेऊन गेले.

टेम्पो रोह्याच्या दवाखान्याकडे निघाला. रेश्माचं डोकं आईच्या मांडीवर होतं. अनसूयाबाई तिच्या पोटावर हात ठेवून बसल्या होत्या, बाळ हलतंय का ते बघत. दर थोड्या वेळानं त्या म्हणायच्या, "हाललं." मी सुस्कारा टाकायची. मग बराच वेळ त्या काही म्हणायच्या नाहीत, आणि विचारायचा धीर मला व्हायचा नाही.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, गोळीचं नावसुद्धा. ते म्हणाले, हे सांगितलंत ते बरं केलंत, नाहीतर आम्ही अपचनाचं औषध देऊन घरी पाठवलं असतं. तिला आत नेलं. बाहेरच्या बाकावर एका टोकाला अनसूयाबाई, एका टोकाला मी. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. दुपार टळून संध्याकाळ व्हायला आली तरी आम्ही तशाच होतो. मॅनेजर येऊन दारातून बघून गेला. त्याला कळलं होतं मी काय केलं ते. त्याच्याकडे बघायचीही मला गरज वाटली नाही. मला भीती एकाच दाराची वाटत होती, आणि ते दार उघडत नव्हतं.

उघडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोघंही ठीक आहेत. बाळाचे ठोके नीट लागतायत. दोन दिवस इथेच ठेवू. उलट्या वायूमुळे झाल्या की कालच्या खाण्यामुळे, ते नक्की सांगता येणार नाही. वायू गेला असेल तर थोडाच गेला असेल.

मी भिंतीला टेकून रडले. अनसूयाबाई आत जाऊन लेकीला बघून आल्या. मी पदरानं डोळे पुसत उभी राहिले आणि म्हटलं, "मला काय हवं ते बोला. मारा हवं तर."

त्या मारायला आल्या नाहीत. अगदी जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला एकच सांग. माजी पोर उलटत नसती, तर तू सांगितलं असतंस?"

मी तोंड उघडलं. हो म्हणायलाच उघडलं होतं. त्या वाट बघत उभ्या राहिल्या. मग माझ्या कमरेला अजूनही खोचलेलं साखरेचं पाकीट त्यांना दिसलं. त्या आत निघून गेल्या.

रेश्माला मुलगा झाला, चांगला धडधाकट, हे मला मिनीडोरवाल्याकडून कळलं. दुकानं बंद पडली नाहीत. माझी नोकरीही गेली नाही, मी पुरी करून मानानं निवृत्त झाले, शाल-नारळ मिळाला. अनसूयाबाई पुन्हा कधी दुकानात आल्या नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी देऊ शकले नाही. ते मला तेव्हाच ठाऊक होतं. नसतं सांगितलं.